लाखो नावं, हजारो सभासद: ब्रिटनच्या डाव्यांना नवा पक्ष हवा आहे का?

गेल्या काही महिन्यांत आमच्या स्टाफरूममध्ये एक फॉरवर्ड दोन-तीनदा फिरला. ‘लंडनमध्ये मुसलमानांनी स्वतःची पार्टी काढली, आठ लाख मेंबर झाले, सरकार हादरलं.’ उर्दू शिकवणाऱ्या मॅडमनी मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही राज्यशास्त्र शिकवता, हे खरं आहे का?” मी म्हटलं, मॅडम, पार्टी निघाली हे खरं. पण ती मुसलमानांची नाही, आणि आठ लाख मेंबर तर मुळीच नाहीत. मधली सुट्टी संपली, पण त्यांचं समाधान झालं नाही. म्हणून हा लेख.

घडलं ते असं. ३ जुलै २०२५ रोजी झारा सुलताना या कॉव्हेंट्रीच्या तरुण खासदारांनी सत्ताधारी मजूर पक्ष, म्हणजे लेबर पार्टी, सोडत असल्याचं आणि जेरेमी कॉर्बिन यांच्यासोबत नवा डावा पक्ष काढणार असल्याचं जाहीर केलं. कॉर्बिन म्हणजे २०१५ ते २०२० या काळात त्याच मजूर पक्षाचे नेते असलेले गृहस्थ. २४ जुलैला दोघांनी मिळून आवाहन केलं, आणि काही दिवसांतच सहा लाखांवर लोकांनी वेबसाइटवर नाव नोंदवलं. पुढे हा आकडा साडेसात-आठ लाखांवर गेल्याचं सांगितलं गेलं. नाव नोंदवायला पैसे लागत नव्हते. ईमेल टाकला की झालं. आपल्या फॉरवर्डमधले ‘आठ लाख मेंबर’ इथून आले.

मुसलमानांचा संबंध असा, की जुलै २०२४ च्या निवडणुकीत गाझाच्या प्रश्नावर मजूर पक्षाकडून दुखावलेल्या मतदारांनी चार मुस्लीम अपक्ष निवडून दिले होते: लेस्टर साउथमधून शौकत अ‍ॅडम, ब्लॅकबर्नमधून अदनान हुसेन, बर्मिंगहॅम पेरी बारमधून अयुब खान आणि ड्यूजबरी अँड बॅटलीमधून इक्बाल मोहम्मद. ब्लॅकबर्नचं मताधिक्य तर फक्त १३२ होतं. कॉर्बिनही आपल्या इस्लिंग्टन नॉर्थ मतदारसंघातून अपक्षच आले. या पाच जणांनी संसदेत एक गट केला, आणि नव्या पक्षाच्या उभारणीत तो गट सामील झाला.

आता मुद्द्याचा प्रश्न. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांपेक्षा जुना, कामगारांच्या नावाचा पक्ष सत्तेवर असताना डाव्यांना नवा पक्ष कशाला हवा? आणि तोही ‘मास मेंबरशिप’वाला, म्हणजे लाखो सामान्य सभासदांचा?

सभासद म्हणजे काय, हे आधी पाहायला हवं. आपल्याकडे या शब्दाची किंमत फार उतरली आहे. २०१४-१५ मध्ये भारतीय जनता पक्षाने मिस्ड कॉलवर सभासद केले आणि दहा कोटींच्या पुढचा आकडा जाहीर केला. इतर पक्षांचे आकडेही काही फार तपासून घेतलेले नसतात. पण सभासद हा शब्द आपल्याच राज्यात एकदा फार गंभीरपणे घेतला गेला होता. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात गांधीजींनी काँग्रेसला नवी घटना दिली. वर्षाला चार आणे भरणारा कोणीही सभासद होऊ शकेल, आणि गावापासून तालुका, जिल्हा, प्रांत अशा समित्या असतील, असं ठरलं. तोवर काँग्रेस म्हणजे वर्षातून एकदा भरणारी वकील-डॉक्टरांची परिषद होती. चार आण्यांनी शेतकरी, विणकर, शिक्षक आत आले. पैसा थोडा होता, पण स्वतःच्या खिशातला होता.

आमच्या कोकणात गावच्या जमातीची वर्गणी असते, तिचा हिशोब साधारण असाच. वर्गणी भरणारा माणूस बैठकीत उभा राहून विचारू शकतो, की पाइपलाइनचे पैसे कुठे गेले. न भरणाऱ्याने विचारलं तर लोक आधी त्याच्याकडे बघतात. आणि गंमत म्हणजे उर्दूत राजकीय पक्षाला ‘सियासी जमात’ म्हणतात.

मजूर पक्षाची सुरुवात मात्र उलटी होती. २७ फेब्रुवारी १९०० रोजी लंडनमध्ये कामगार संघटना आणि काही समाजवादी मंडळं एकत्र आली आणि संसदेत कामगारांचे प्रतिनिधी पाठवण्यासाठी एक समिती केली. १९०६ मध्ये तिचे २९ खासदार निवडून आले आणि तिने लेबर पार्टी हे नाव घेतलं. तोपर्यंत या पक्षाला थेट सभासद नव्हतेच. तुम्ही खाणीत किंवा रेल्वेत काम करता, तुमची युनियन पक्षाला जोडलेली आहे, म्हणून तुम्ही पक्षात. १९१८ च्या घटनेने पहिल्यांदा एकट्या माणसाला दार उघडलं. १९५२-५३ च्या सुमाराला असे थेट सभासद दहा लाखांवर होते, आणि युनियनमधून आलेले त्याच्या कितीतरी पट. वॉर्डात शाखा, शाखेची बैठक, निवडणुकीत घरोघर फिरणं, जुन्या कपड्यांची विक्री करून निधी उभा करणं असं हे चालायचं.

या दरवाजातून आपल्या मुंबईचाही एक माणूस आत गेला होता. शापूरजी सकलातवाला, जन्म १८७४, जमशेटजी टाटांचे भाचे. टाटांच्या कामासाठी विलायतेला गेले आणि तिथे कम्युनिस्ट झाले. १९२२ मध्ये लंडनच्या बॅटरसी नॉर्थमधून ते मजूर पक्षाच्या पाठिंब्याने संसदेत गेले. तेव्हा एकाच माणसाला दोन्हीकडे राहता येत होतं. १९२४-२५ मध्ये मजूर पक्षाने कम्युनिस्टांना उमेदवारी आणि सभासदत्व, दोन्ही बंद केलं. सकलातवाला १९२४ मध्ये कम्युनिस्ट म्हणून परत जिंकले, पण १९२९ मध्ये हरले. म्हणजे डाव्यांपैकी कोणी आत राहायचं आणि कोणी बाहेर, हा वाद तिथे शंभर वर्षांचा आहे.

मग मोठा पक्ष पोकळ कसा झाला? खाणी बंद झाल्या, गिरण्या बंद झाल्या. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये युनियनचे एक कोटी तीस लाखांवर सभासद होते, आता निम्म्याच्या आसपास उरलेत. (मुंबईच्या गिरणगावाची कहाणी माहीत असणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.) शाखांच्या बैठकांना दहा-बारा म्हातारी माणसं उरली. उमेदवार लंडनहून ठरू लागले.

२०१५ मध्ये मात्र विचित्र प्रकार घडला. नेता निवडण्याच्या नियमात बदल झाला होता. तीन पौंड भरून ‘समर्थक’ म्हणून नाव नोंदवलं तरी मत देता येणार होतं. कॉर्बिन यांना उभं राहायला ३५ खासदारांच्या शिफारशी हव्या होत्या. त्या मुदत संपायला काही मिनिटं असताना पूर्ण झाल्या. काही खासदारांनी तर केवळ ‘चर्चा रंगू दे’ म्हणून सही केली होती. आणि कॉर्बिन ५९.५ टक्के मतांनी निवडून आले! तीन पौंड म्हणजे तिथल्या एका कॉफीचे पैसे, तिथले चार आणेच म्हणा. २०१७ अखेर पक्षाचे सभासद ५ लाख ६४ हजार झाले. पश्चिम युरोपातल्या सगळ्यात मोठ्या पक्षांत त्याची गणना होऊ लागली.

माझा एक मामेभाऊ बर्मिंगहॅमजवळ राहतो, टॅक्सीचा धंदा आहे. त्या वर्षी त्यानेही तीन पौंड भरले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या पक्षाला पैसे दिले, असं त्याने मला फोनवर सांगितलं होतं. पुढे तो पूर्ण सभासदही झाला.

पण सभासद आणि खासदार यांचं जमेना. जून २०१६ मध्ये मजूर पक्षाच्याच १७२ खासदारांनी कॉर्बिन यांच्यावर अविश्वास दाखवला, बाजूने फक्त ४० होते. तीन महिन्यांनी सभासदांनी त्यांना ६१.८ टक्क्यांनी पुन्हा निवडून दिलं. एका छपराखाली दोन पक्ष राहत होते म्हणा ना. २०१७ मध्ये ४० टक्के मतं मिळाली, २०१९ मध्ये दारुण पराभव झाला आणि २०२ जागा उरल्या. मग केर स्टार्मर आले. २०२१ मध्ये तीन पौंडवाली व्यवस्था रद्द झाली आणि नेतेपदाच्या उमेदवाराला पक्षाच्या किमान २० टक्के खासदारांच्या शिफारशीची अट आली. म्हणजे दुसरा कॉर्बिन येऊ नये याची सोय. खुद्द कॉर्बिन यांना २०२४ मध्ये तिकीट नाकारलं गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये तिसऱ्या मुलापासून सरकारी मदत बंद करणारा जुना नियम काढावा, या बाजूने मत दिल्याबद्दल सात खासदारांना संसदीय पक्षातून निलंबित केलं. त्यात झारा सुलताना होत्या. २०२४ अखेर सभासद ३ लाख ३३ हजारांवर आले होते.

जुन्या पक्षाला न्याय द्यायचा तर त्यांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे. ते सांगतात: सभासदांना जे आवडतं ते मतदाराला आवडतंच असं नाही. पाच लाख सभासद असताना आम्ही हरलो, आणि सभासद घटले तेव्हा ४११ जागा जिंकलो. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. फक्त त्यात एक आकडा लपतो. २०१९ मध्ये हरताना मजूर पक्षाला एक कोटी दोन लाखांवर मतं होती. २०२४ मध्ये प्रचंड बहुमत मिळवताना साधारण ९७ लाख, म्हणजे ३३.७ टक्के. जागा वाढल्या कारण उजव्यांची मतं हुजूर पक्ष आणि रिफॉर्म यांच्यात फुटली.

नव्या पक्षाची सगळ्यात मोठी अडचण नेमकी इथेच आहे. तिथली निवडणूक पद्धत आपल्या लोकसभेसारखीच. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो आला, बाकीच्यांची मतं वाया. १९८३ मध्ये मजूर पक्षातून फुटलेल्या सोशल डेमोक्रॅट आणि लिबरल यांच्या आघाडीने २५.४ टक्के मतं घेतली आणि ६५० पैकी २३ जागा मिळवल्या. २०२४ मधलं चिंगफर्डचं उदाहरण तर आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. फैझा शाहीन या अर्थतज्ज्ञ बाईंचं तिकीट मजूर पक्षाने ऐनवेळी कापलं, त्या अपक्ष उभ्या राहिल्या. त्यांना आणि मजूर पक्षाच्या नव्या उमेदवाराला प्रत्येकी साडेबारा हजारांच्या जवळपास मतं पडली, आणि सतरा हजारांवर मतं घेऊन हुजूर पक्षाचे जुने नेते इयान डंकन स्मिथ आरामात निवडून आले. मतविभाजन हा शब्द महाराष्ट्रातल्या मुसलमानाला शिकवावा लागत नाही. दर निवडणुकीला तो आपल्याला घरपोच मिळतो.

दुसरी अडचण अनुभवाची. इराक युद्धाच्या विरोधातून २००४ मध्ये रिस्पेक्ट नावाचा पक्ष निघाला. युद्धविरोधी डावे आणि पूर्व लंडनमधले, बर्मिंगहॅममधले मुस्लीम मतदार अशी जोड होती. २००५ मध्ये जॉर्ज गॅलोवे बेथनल ग्रीनमधून ८२३ मतांनी जिंकले. २००६ मध्ये टॉवर हॅम्लेट्समध्ये १२ नगरसेवक आले. २००७ मध्ये पक्ष फुटला. २०१२ च्या पोटनिवडणुकीत ब्रॅडफर्ड वेस्टमधून गॅलोवे परत दहा हजारांवर मताधिक्याने आले. तिथे मजूर पक्ष तिकिटं आणि मतं ‘बिरादरी’च्या वडीलधाऱ्यांमार्फत चालवतो, याचा तरुणांना आणि बायकांना राग होता. आपला ‘बिरादरी’ हा शब्द तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांत जसाच्या तसा छापून यायचा. पण तीनच वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच ठिकाणी मजूर पक्षाच्या नाझ शाह यांनी गॅलोवेंना अकरा हजारांवर मतांनी हरवलं, आणि २०१६ मध्ये रिस्पेक्टची नोंदणीच संपली.

माझ्या मते रिस्पेक्टचा धडा असा नाही की मुसलमान आणि डावे एकत्र येऊ शकत नाहीत. ते आले होते. पण एका बाजूला गर्दी जमवणारा नेता, दुसऱ्या बाजूला शिस्तबद्ध छोटा समाजवादी गट, आणि मधे मतदार, अशी ती रचना होती. मतदार सभासद झालाच नाही. त्याच्याकडून मत मागितलं गेलं, मशवरा कोणी मागितला नाही. बिरादरीतून सुटला आणि सभेच्या मैदानात उभा राहिला, एवढाच काय तो फरक.

आता परत २०२५ कडे. सहा-सात लाख नावं हातात, आणि पुढे काय करायचं हे ठरलेलं नाही. १८ सप्टेंबरला सुलताना यांच्या बाजूने पैसे भरून सभासद होण्याची लिंक लोकांना गेली. वीस हजारांवर लोकांनी पैसे भरलेही. काही तासांत कॉर्बिन आणि इतर खासदारांनी कळवलं, की हा ईमेल अनधिकृत आहे, बँकेतून पैसे कापायची परवानगी दिली असेल तर ती रद्द करा. सुलताना यांनी उत्तर दिलं, की आपल्याला बायको-बाईमाणूस समजून बाजूला सारलं जातंय. वकिलांची भाषा सुरू झाली. आठवड्याभरात समेट होऊन सभासद नोंदणी पुन्हा सुरू झाली, पण नुकसान व्हायचं ते झालं. वर्गणी मागताना दोन माणसं दोन वेगळ्या पावत्या घेऊन दारात आली, तर आपणही दार लावून घेतो.

नोव्हेंबरमध्ये अदनान हुसेन उभारणीच्या कामातून बाहेर पडले. सततची भांडणं आणि मुस्लीम पुरुषांबद्दल आडून दाखवला जाणारा पूर्वग्रह, अशी कारणं त्यांनी दिली. मागोमाग इक्बाल मोहम्मदही गेले. इथे एक खरा मतभेद आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. गाझा, घरभाडं, सरकारी दवाखाने, महागाई यावर सगळे एक. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांसारख्या प्रश्नावर मात्र पक्षातल्या बहुसंख्य तरुणांची भूमिका पक्की, आणि काही मुस्लीम खासदारांना ती तशी मान्य नव्हती. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवर ‘वापरून घेतल्याचा’ आरोप करू लागले. मला वाटतं, या प्रश्नावर मतभेद होणं ही आपत्ती नव्हती. आपत्ती ही होती की तो मतभेद मांडायला, मत टाकायला, हरलो तरी पुन्हा पुढच्या बैठकीला यायला वॉर्डाची शाखाच अस्तित्वात नव्हती. होतं ते सगळं एक्सवर. आणि ब्लॅकबर्नचा किंवा बर्मिंगहॅमचा मुसलमान म्हणजे त्याचा खासदार नव्हे. त्याच मोहल्ल्यातल्या मुलींना, मुलांना या विषयावर काय वाटतं, हे विचारायचीसुद्धा सोय नव्हती.

२९ आणि ३० नोव्हेंबरला लिव्हरपूलमध्ये स्थापना परिषद झाली. प्रतिनिधी चिठ्ठ्या टाकून निवडले होते, ही कल्पना मला आवडली. पहिल्या दिवशी सुलताना आत गेल्याच नाहीत, कारण दुसऱ्या एका समाजवादी पक्षाच्या लोकांना काढून टाकलं होतं. सभासदांनी ‘युवर पार्टी’ हेच नाव कायम केलं, एका नेत्याऐवजी सामूहिक नेतृत्व असावं हे निसटत्या फरकाने ठरवलं, आणि दुहेरी सभासदत्वाला परवानगी दिली. दुहेरी सभासदत्व म्हटलं की आपल्याला १९७९ चा जनता पक्ष आणि मधू लिमये आठवतात. सकलातवालांना जे दार बंद झालं होतं, ते या नव्या पक्षाने उघडलं, एवढं मात्र खरं. पैसे भरलेले सभासद किती? पन्नास-पंचावन्न हजार.

आणि याच काळात शेजारी काय झालं पाहा. सप्टेंबरमध्ये ग्रीन पार्टीने झॅक पोलान्स्की यांना नेता निवडलं. ते ज्यू आहेत आणि गाझावर रोखठोक बोलतात. उपनेत्यांपैकी एक लीड्सचे नगरसेवक मोथिन अली. सत्तर हजारांच्या आत असलेले सभासद दोन महिन्यांच्या आत दीड लाखांपुढे गेले. तो पक्ष काही नवा नाही, जुनाच आहे. पण तिथे पैसे भरले की दुसऱ्या दिवशी शाखेचा पत्ता मिळतो, आणि नेत्याच्या निवडणुकीत मत असतं.

जर्मनीतही याच वर्षी दोन टोकं दिसली. साहरा वागेनक्नेख्ट यांनी डाव्या पक्षातून फुटून नवा पक्ष काढला आणि सभासद मुद्दाम मोजकेच घेतले, हजार-बाराशे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांना ४.९८ टक्के मतं पडली, पाच टक्क्यांची अट थोडक्यात हुकली आणि संसदेत एकही जागा मिळाली नाही. ज्या जुन्या डी लिंके पक्षाला सगळ्यांनी मोडीत काढलं होतं, त्यांची पोरं घरोघर फिरून भाड्याची बिलं तपासत होती. त्यांचे सभासद दुप्पट झाले, एक लाखांच्या घरात गेले, आणि ८.८ टक्के मतं, ६४ जागा आल्या. न्यूयॉर्कमध्ये झोहरान ममदानी निवडून आले तेही डेमोक्रॅटिक पक्षाच्याच चिन्हावर. मागे मात्र वर्गणी भरणाऱ्या समाजवाद्यांची स्वतंत्र संघटना आणि दार ठोठावणारे हजारो स्वयंसेवक होते.

म्हणून मॅडमना माझं उत्तर असं. डाव्यांना लाखो सभासदांचा पक्ष हवा, यात मला शंका नाही. ज्यांच्याकडे उद्योगपतींचे पैसे नाहीत, त्यांच्याकडे माणसंच असतात. तो पक्ष नवाच असला पाहिजे, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. मजूर पक्षाने आतली वाट बंद केली तेव्हा बाहेर पडणं समजण्यासारखं होतं. पण बाहेर पडून उघडलेल्या दुकानात वर्गणीची पावती कोण फाडणार, हे ठरवायलाच दोन महिने लागले.

गेल्या रविवारी मामेभावाला फोन केला. मजूर पक्षाची वर्गणी त्याने २०२३ च्या शेवटी बंद केली. जुलैमध्ये वेबसाइटवर नाव टाकलं होतं, म्हणजे त्या आठ लाखांत तो आहे. पाच पौंड महिना आहे, अजून भरलेले नाहीत. त्याची मुलगी, कॉलेजात आहे, ती ग्रीनमध्ये गेली आणि दर शनिवारी पत्रकं वाटते. मेमध्ये तिकडे महापालिकेची निवडणूक आहे. मी विचारलं, तू कोणाला देणार? म्हणाला, “पोरगी तिच्या पार्टीच्या मीटिंगला घेऊन जाणार आहे म्हणते. आधी बसून ऐकतो.”